कोंडवाड्याची पावती

‘नियमावर बोट’ : वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

मागच्या अंकाच्या शेवटी मी सहज विचारलं होतं, गाडीला जॅमर कुणाकुणाच्या लागलाय? पोस्टमनने गठ्ठा आणून टेबलावर टाकला तेव्हा कळलं, की हे सहज विचारायचं प्रकरण नव्हतं. काही पत्रांत नुसता संताप आहे. दोघांनी कविता केल्यात. एकाने पोस्टकार्डावर जॅमरचं चित्र काढून खाली ‘हाच तो’ असं लिहिलंय. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत. पहिलं उत्तर जरा लांबलंय, कारण त्यात मला एक शेळी आणायची होती.

प्रश्न : वकीलताई, सासऱ्यांना सोनोग्राफीला घेऊन गेले होते. लॅब एका व्यापारी कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर. तळघरातलं पार्किंग भरलेलं. वॉचमननेच हात करून पुढच्या बाजूला, एका बंद शटरसमोर गाडी लावायला सांगितली. २५ मिनिटांनी खाली आलो तर पुढच्या चाकाला पिवळा जॅमर, आणि वॉचमन बदललेला. एक पोरगा पावतीपुस्तक घेऊन आला, म्हणाला, दीड हजार. सासरे उन्हात उभे, शुगरचा त्रास, सकाळपासून पोटात काही नाही. मी भांडले तेव्हा हजारावर आला, मग सातशेवर. सातशे देऊन सुटका करून घेतली. पावतीवर नाव नाही, पत्ता नाही, शिक्का नाही. बोर्ड होता म्हणे. तो नंतर दिसला, कुंडीच्या मागे. असे पैसे घेता येतात का?
– एक सून, पिंपळे सौदागर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मी एका ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली : दीड हजार, हजार, सातशे. दंड असा संध्याकाळच्या मेथीच्या जुडीसारखा उतरत नसतो. पोलिसाच्या चलनावर ५०० असले की ते ५००च राहतात, तुम्ही रडा नाहीतर हसा. जो आकडा तीन मिनिटांत निम्म्याखाली आला, तो कुणी हिशेब करून काढलेलाच नव्हता. सासऱ्यांचा उतरलेला चेहरा बघून तो सांगितला होता.

आधी हक्काचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलायला अथवा तिच्या चाकाला कुलूप घालायला परवानगी देता येते. ती देणार कोण, तर त्या हद्दीतला, गणवेशातला पोलीस अधिकारी. कॉम्प्लेक्सचा वॉचमनही गणवेशात असतो, पण कायद्याला तो गणवेश अभिप्रेत नाही. या कलमात खासगी जागामालकाचं नाव कुठेही येत नाही. त्यामुळे ‘कायद्याने जॅमर लावलाय’ असं त्या पोराने म्हटलं असेल, तर त्याला कलम विचारायचं होतं.

मग उरतो करार. म्हणजे असं, की ‘इथे गाडी लावाल तर हजार रुपये’ असा बोर्ड तुम्ही वाचलात, तरी गाडी लावलीत, म्हणजे तुम्हाला ते कबूल होतं. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण कुंडीमागचा बोर्ड वाचून कुणी काही कबूल करत नाही, आणि तुम्हाला तर त्यांच्याच माणसाने हात करून जागा दाखवली होती. समजा, बोर्ड दरवाजावर मोठ्या अक्षरांत होता. तरीही १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ आहे. करारमोडीसाठी आधीच रक्कम लिहून ठेवलेली असली, तर ती रक्कम ही वरची मर्यादा. तिच्या आत वाजवी भरपाई जेवढी होईल तेवढीच मिळते. बंद शटरसमोर २५ मिनिटं गाडी उभी राहिल्याने कुणाचं किती नुकसान झालं? शेजारच्या पे अँड पार्कचा तासाचा दर, फार तर वॉचमनच्या अर्ध्या तासाचा पगार. गोळाबेरीज १०० रुपयांच्या वर न्यायला मला तरी जमली नाही, आणि मी पक्षकाराच्या बाजूने गोळाबेरीज करण्यात २७ वर्षं घालवली आहेत.

आता शेळी.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. चावडीच्या मागे कोंडवाडा होता : छातीएवढ्या दगडी भिंती, लाकडी फाटक, आत एक कडुनिंब आणि पाण्याची डोणी. फाटकाशेजारी पत्र्याची पाटी, तिच्यावर जनावरागणिक दर रंगवलेले. माझे चुलत आजोबा, त्यांना सगळे तात्या म्हणत, कोंडवाड्याचं रजिस्टर ठेवायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जाऊन बसायची. एकदा एक शेतकरी काळी शेळी ओढत घेऊन आला. घेवड्यात शिरली होती. आमच्याकडच्या माणसाला घेवड्यात शेळी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तात्यांनी त्याला अक्षरही न विचारता आधी घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली, मग लिहिलं : ‘शेळी १, काळी, डावा कान फाटका’. पकडणाऱ्याचं नाव, शेताचं नाव. त्या नोंदीची चिठ्ठी त्याला दिली. तासाभराने शेळीवाली म्हातारी आली ती शिव्या देतच आली. तात्या काही बोलले नाहीत, काठीने पाटी दाखवली. तिने पदराची गाठ सोडली, पैसे मोजले, शेळीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि गेली. मी तात्यांना विचारलं, आता हे पैसे त्या घेवडेवाल्याला द्यायचे ना? तात्या म्हणाले, त्याला कशाला? उद्यापासून तो शेती सोडून शेळ्याच पकडत हिंडेल.

पुढे लॉ कॉलेजात १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा हातात पडला, तेव्हा कळलं की तात्यांचा प्रत्येक हातवारा त्यात छापलेला होता. शेतकऱ्याने नुकसान करणारं जनावर धरावं, पण स्वतःच्या दावणीला बांधून पैसे मागू नयेत. २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं. तिथे रजिस्टर, तिथे दिवस आणि वेळ, तिथे नोंदीची नक्कल. दंडाचे आणि चारापाण्याचे दर कोंडवाड्यावर किंवा जवळ ठळक जागी लावलेले हवेत. मूळ दर असे : हत्तीला २ रुपये, म्हशीला ८ आणे, शेळीला १ आणा. दंड सरकारजमा. पिकाचं नुकसान हवं असेल तर शेतकऱ्याने वेगळा दावा लावावा. आणि जनावर खोटंच पकडलं असेल, तर मालकाने १० दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे जावं, त्याला १०० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. १०० रुपये म्हणजे १,६०० आणे. शेळी पकडून १ आणा, तोही सरकारचा, आणि खोटी पकडली तर १,६०० आण्यांपर्यंत भुर्दंड. इंग्रजांच्या कायद्याचं कौतुक करायची माझी मुळीच सवय नाही, पण हा हिशेब बसवणाऱ्याला माणसं ओळखता येत होती.

तुमच्या कॉम्प्लेक्सात काय झालं बघा. पकडणारा तोच, कोंडून ठेवणारा तोच, दर सांगणारा तोच, आणि पैसे खिशात घालणाराही तोच. हातात हात घालून चौघं उभे असते तर तुम्ही निदान ओळखलं असतं. इथे चौघांचा मिळून एकच पोरगा होता. अशा ठिकाणी रक्कम ७०० ऐवजी ३०० असती तरी मी तिला वाजवी म्हटलं नसतं.

आता कामाचं. पुढच्या वेळी (येऊ नये, पण आलीच तर) आधी फोटो : जॅमर, बोर्ड, बोर्डाच्या पुढची कुंडी. रोख देऊ नका, यूपीआयने द्या. रोखीला नाव नसतं, यूपीआयला असतं. माझ्या एका पक्षकाराने असे पैसे भरले, तर ‘सोसायटी मेंटेनन्स’ म्हणून दाखवलेलं खातं मॅनेजरच्या मेव्हण्याचं निघालं. पावतीच्या मागे ‘हरकत नोंदवून, नाइलाजाने’ असं लिहून फोटो काढा. आजारी माणूस बरोबर असेल आणि गाडी सोडत नसतील तर ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत थांबावं लागेल, पण बहुतेकदा फोन लावलेला बघूनच किल्ली सापडते. सातशेसाठी कोर्टात जाऊ नका, माझ्या व्यवसायातल्या कुणाचं ऐकूनही जाऊ नका. कॉम्प्लेक्सच्या संस्थेला एक पत्र मात्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने धाडा : कोणत्या अधिकाराने, कोणत्या दराने, पैसे कुठल्या खात्यात गेले, १५ दिवसांत कळवा. लॅबलाही प्रत द्या. पेशंट घाबरून दुसरीकडे जायला लागले, की लॅबवाले संस्थेशी जे भांडतील ते तुमच्या-माझ्याच्याने भांडवणार नाही.

प्रश्न : मॅडम, आमची ४८ फ्लॅटची सोसायटी. शेजारी मंगल कार्यालय. लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाड्या थेट आमच्या आवारात. मागच्या वैशाखात आमच्या एका आजोबांची ॲम्ब्युलन्स गेटवर १० मिनिटं अडकली. पोलीस म्हणतात, खासगी जागा आहे, आमचं काम नाही. म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव केला : बाहेरच्या गाडीला जॅमर आणि १,००० रुपये, सभासदाने दुसऱ्याच्या जागेत लावली तर ५००. चार जॅमर आणलेत. पण सेक्रेटरी लावायला घाबरतात. सभेचा ठराव असताना घाबरायचं कशाला?
– अध्यक्ष, डोंबिवली पूर्व

उत्तर : अध्यक्षसाहेब, सेक्रेटरींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं घाबरणं बरोबर आहे.

पण तुमचा त्रास खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या पत्रातल्या ताईंचं वाचून सगळे जागामालक लुटारू वाटायला लागतात. प्रत्यक्षात घुसखोरी हीही घुसखोरीच. ॲम्ब्युलन्स अडकलेली १० मिनिटं ज्या घरात मोजली गेली, त्यांना कलम ७४ सांगून काय उपयोग?

गंमत अशी आहे, की पोलिसांचं म्हणणंही खोटं नाही. कलम १२७ सार्वजनिक जागेपुरतं आहे, म्हणजे लोकांना जायचा हक्क आहे अशी जागा. तुमचं आवार तसं नाही. मात्र गेटच्या बाहेर, रस्त्यावर, तुमचं प्रवेशद्वार अडवून कुणी गाडी लावली, तर तो वाहतुकीच्या नियमांचा सरळ भंग आहे आणि ते काम पोलिसांचंच. फोन करताना ‘आवारात गाडी आहे’ असं न म्हणता ‘रस्त्यावर, गेट अडवून आहे’ असं सांगा. अर्थात, तसं असेल तरच.

ठरावाचं सांगायचं तर तो सभासदांना बांधतो. नवरदेवाचा मामा काही तुमचा सभासद नाही, त्याने तुमच्या सभेत हात वर केलेला नाही. त्याच्या गाडीला कुलूप घालून हजार मागितलेत आणि त्याने पोलिसांत तक्रार केली, तर विषय पार्किंगचा राहत नाही, अडवणूक करून पैसे काढल्याचा होतो. भारतीय न्याय संहितेत गैरमार्गाने अडवण्याला कलम १२६ आहे. माणूस चालत जायला मोकळा असताना नुसती गाडी अडवली तर त्याला अडवलं म्हणायचं का, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडू शकतात आणि दोन्ही बाजूंनी फी घेऊ शकतात. तुमच्या सेक्रेटरींनी तो वाद आपल्या नावावर का रंगवून घ्यावा?

सभासदांचंसुद्धा ५०० रुपये जागेवर वसूल असं चालत नाही. आदर्श उपविधी मंजूर केलेल्या सोसायटीत दंडाची वाट ठरलेली आहे : कारणे दाखवा नोटीस, म्हणणं मांडायची संधी, मग सर्वसाधारण सभेचा निर्णय. वॉचमनच्या हातात पावतीपुस्तक ही वाट कुठेही नाही.

मग करायचं काय? घडी होणारे दोन लोखंडी खांब आणि साखळी. लग्नसराईत गेटवर एक जादा माणूस, नुसता गाडीचा नंबर आणि फ्लॅट नंबर लिहून घेणारा. वऱ्हाडाला फ्लॅट नंबर सांगता येत नाही, तिथेच गाडी वळते. आणि मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला लेखी पत्र. मोबाइलवर बोलणं वेगळं, आवक रजिस्टरला चढलेलं पत्र वेगळं. चार जॅमर आणलेच आहेत, तर ज्यांच्या बुलेट चोरीला जातील अशी भीती आहे त्या सभासदांना विकून टाका.

प्रश्न : पी-१, पी-२ चा (सम-विषम तारखांच्या पार्किंगचा) बोर्ड झाडाच्या फांदीत लपलेला. बँकेतून बाहेर आलो तर पोरं माझी स्प्लेंडर टेम्पोत चढवत होती. मी समोर उभा राहून ओरडतोय, ‘मी आलोय, मी आलोय’, तरी उचलली. दंड भरायला माझी ना नाही. पण दंडाशिवाय टोइंगचे वेगळे, त्यावर जीएसटी वेगळा. उचलायला मी सांगितलं होतं का? आणि आरसा फुटला त्याचं काय?
– टिळक रोडवरचा एक त्रस्त

उत्तर : दादा, माझी ॲक्टिव्हा दोनदा गेलीय. दुसऱ्या वेळी चूक शंभर टक्के माझी होती, सम तारखेला विषम बाजू. चौकीवर गेले तर एक हवालदार म्हणाला, ‘मॅडम तुम्ही तर वकील.’ मी मुकाट्याने पैसे दिले.

नो पार्किंगचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५००, पुन्हा केलंत तर १,५००. आपल्याकडे हे वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. टोइंगचं वेगळं, कारण कलम १२७ मध्येच म्हटलंय की उचलण्याचा खर्च मालकाचा, दंडाव्यतिरिक्त. तेव्हा ‘मी सांगितलं होतं का’ हे भांडण तिथे चालणार नाही. जीएसटी दंडावर लागत नाही, टोइंग ही सेवा म्हणून तिच्यावर लागतो. पावतीवर हे तीन आकडे वेगवेगळे दिसले पाहिजेत. एकत्र करून दिले असतील तर फोड मागा.

मला खुपतं ते दुसरंच. रस्त्याकडेला एक मोठी गाडी तिरकी उभी असते, तिच्यामुळे बस वळत नाही. तिच्यामागे आठ दुचाकी भिंतीला टेकून, कुणाच्याही आड न येता. टेम्पो आला की पोरं काय उचलतात? ठेकेदाराला पैसे मिळतात गाडीमागे. दुचाकीला दोघं लागतात आणि अर्धा मिनिट. एका टेम्पोत आठ-दहा बसतात. त्या तिरक्या गाडीला क्रेन, पट्टे, १५ मिनिटं, वर मालक येऊन ओळख सांगणार. बस तिथेच हॉर्न वाजवत राहते. तात्यांचं वाक्य मला टिळक रोडवर आठवतं ते उगाच नाही.

तुम्ही समोर हजर होतात, हा मुद्दा धरून ठेवा. कलमाचा हेतू रस्ता मोकळा करणं हा. मालक किल्ली घेऊन उभा असेल, तर त्याला दंड करून गाडी काढायला लावली की रस्ता आणखी लवकर मोकळा होतो. उचलण्याचा खर्च मग कशाचा? ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यातच, नाना पेठेत, दुचाकी तिच्यावर बसलेल्या माणसासकट उचलली होती. ते दृश्य सगळ्या राज्याने पाहिलं आणि पोलिसांनाही ते निभावता आलं नाही. तुमच्या वेळचं कुणी मोबाइलवर घेतलं असेल तर मिळवा. बँकेबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, आजच लेखी अर्ज द्या. चलनाबद्दलची तक्रार महाट्रॅफिक ॲपवर नोंदवता येते. फांदीत लपलेल्या बोर्डाचा फोटो तिथे जोडा. फांदी मात्र स्वतः तोडू नका, त्याला उद्यान खात्याची वेगळी परवानगी लागते!

आरसा. गाडी त्यांच्या ताब्यात गेल्या क्षणापासून तिची काळजी त्यांनी घ्यायची. दुसऱ्याची वस्तू ताब्यात असणाऱ्याने ती आपलीच असती तर जेवढी जपली असती तेवढी जपावी, हे करार कायद्यात आहे. पैसे भरण्याआधी, गाडी आवारात उभी असतानाच फुटक्या आरशाचा फोटो घ्या आणि पावतीवर तशी नोंद करायला सांगा. बाहेर पडल्यावर ‘आधीच फुटलेला होता’ हे उत्तर तयार असतं.

जाता जाता मुंबईचं. तिथल्या दोघांनी विचारलंय, की दंड १० हजारांचा कधी होता का. होता. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा पार्किंगला दुचाकीसाठी ५,००० पासून आणि अवजड वाहनासाठी २३,२५० पर्यंत रक्कम ठरवली होती, टोइंग धरून. मोटारीला किमान १०,०००. दर जाहीर होते, पाटीवर होते, वसूल करणारी यंत्रणा सरकारी होती. तात्यांच्या परीक्षेत निम्मे गुण देता येतील. पण जुन्या बाजारात ज्या दुचाकीला सात हजार येतील, तिला सोडवायला पाच-आठ हजार मागितले तर माणूस ती तिथेच सोडून घरी जाईल. शेळीला हत्तीचा दर लावल्यासारखं झालं ते.

प्रश्न : नाशिकहून आई-बाबा आलेत. मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये दोन तास फुकट असतं. आईचे गुडघे, सामान, गर्दी, निघायला १७ मिनिटं उशीर झाला. आता पत्र आलंय : १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. गाडी माझ्या नावावर, चालवत होता नवरा. बाबा म्हणतात, सरकारी दंड आहे, भरून टाक, व्हिसाला अडचण नको. खरंच भरू का?
– रेडिंग, इंग्लंड

उत्तर : बाबांना आधी सांगा, व्हिसाचा काही संबंध नाही. पत्र नीट बघा. कौन्सिलच्या दंडाला तिथे ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ म्हणतात, खासगी कंपनीच्या मागणीला ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींचं लघुरूप पीसीएनच, हे काही योगायोगाने झालं नसावं. तुमचं दुसरं असणार. तो दंड नाही, बिल आहे.

मात्र बिल आहे म्हणून फाडून टाकू नका. अगदी अशाच प्रकरणात, चेम्सफर्डमधल्या दोन तास फुकटच्या जागेत ५६ मिनिटं जास्त थांबलेल्या एका मोटारवाल्याचे ८५ पौंड तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये योग्य ठरवले. जागा फिरती राहावी यात मालकाचा खरा स्वार्थ आहे, आणि पाट्या ठळक होत्या, असं म्हणून. मला तो निकाल फारसा पटत नाही, पण निकाल आहे.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी तपासा. एक, वेळ संपल्यावर १० मिनिटांची सवलत त्यांच्याच धंद्याच्या आचारसंहितेत आहे. ती धरली तर तुमचा उशीर ७ मिनिटांचा उरतो, आणि चालायला त्रास असणारी वृद्ध व्यक्ती बरोबर होती. हे लिहा, दुकानाची पावती जोडा. दोन, काचेवर काही लावलं नव्हतं आणि सगळं कॅमेऱ्याने झालं असेल, तर गाडीच्या नोंदणीकृत मालकाला पत्र पार्किंगनंतर १४ दिवसांच्या आत पोचायला हवं. उशिरा आलं असेल तर ते तुमच्यामागे लागू शकत नाहीत, फक्त चालकामागे. अशा वेळी पत्रात ‘माझा नवरा चालवत होता’ असं आपणहून लिहायची गरज नाही. आधी कंपनीकडे २८ दिवसांत हरकत, ती फेटाळली तर पत्रात दिलेल्या स्वतंत्र अपिलाकडे. दुकानाच्या मॅनेजरला जाऊन भेटा, ग्राहक असलात तर पुष्कळदा तोच रद्द करायला सांगतो.

एक गोष्ट बाबांना वाचून दाखवा, त्यांना आवडेल. इंग्लंडमध्येही खासगी जॅमर होते. नव्वदच्या दशकात एका खटल्यात जॅमरवाल्यांनी कोर्टापुढे मांडलं, की दुसऱ्याच्या जमिनीत शिरलेलं जनावर नुकसानभरपाई मिळेपर्यंत अडकवून ठेवता येतं, तशीच ही गाडी. म्हणजे आमची शेळीच! कोर्टाला ते पटलं नाही, गाडीने पीक खाल्लेलं नव्हतं. पण पाटी वाचून गाडी लावली असेल, रक्कम वाजवी असेल आणि पैसे देताच विनाविलंब सोडत असतील तर चालेल, असं म्हणून कोर्टाने जॅमरवाल्यांना वेगळ्या दारातून आत घेतलं. त्या दाराचा इतका गैरवापर झाला, की १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत जॅमर लावणं आणि गाडी उचलणं हा गुन्हाच केला. स्कॉटलंडच्या कोर्टाने तर १९९२ मध्येच त्याला खंडणी आणि चोरी म्हटलं होतं. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही २०२२ मध्ये सांगितलं, की जुन्या रूढ कायद्यातून खासगी मालकाला जॅमरचा हक्क निघत नाही. पिंपळे सौदागरच्या ताईंनी संस्थेला धाडायच्या पत्रात हे लिहायला हरकत नाही. वाचणाऱ्याला घाम फुटेल.

प्रश्न : ताई, विषय डायरेक्ट हाय. मित्राकडनं ग्राइंडर आणलाय. पुढच्या येळंला जॅमर लावला की कापून टाकतो. चालतंय न्हवं?
– कोल्हापूर

उत्तर : न्हाई चालत. जॅमर बेकायदा लावला असला तरी वस्तू त्यांची आहे, आणि दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस हा वेगळा गुन्हा तुमच्या नावावर चढतो. इंग्लंडमध्ये एकाने नेमकं हेच केलं होतं, डिस्क कटरने. त्याचं म्हणणं, गाडी सोडवायला दुसरा मार्गच नव्हता. कोर्ट म्हणालं, होता की : पैसे भर, हरकत नोंदव, मग दावा लाव. दोषी ठरला. शिवाय तुमची गाडी पेट्रोलची आहे असं पत्रात लिहिलंय. टाकीपासून चार हातांवर ठिणग्या उडवायची कल्पना ज्या मित्राने दिली, त्याचा ग्राइंडर आजच त्याला परत देऊन या.